एकेचाळीस बंद दारं

बाळांनो,

मागच्या रविवारी स्काइपवर बोलताना धाकटीने विचारलं, "आजी, तू नोकरीत नक्की करायचीस काय?" मी म्हटलं, "गावं सांभाळायचे." त्यावर थोरला हसला आणि म्हणाला, "म्हणजे मेयर?" तेवढ्यात तुमच्या आईने जेवायला हाक मारली आणि तुम्ही दोघं पळालात. उत्तर अर्धंच राहिलं, ते आता लिहून पाठवते. आत्ताच लिहायचं कारण असं की त्या नोकरीत मी केलेली एक चूक गेल्या महिन्यात दुरुस्त झाली. ती मी स्वतः सांगितलेली बरी. तुमच्या मामाकडून ऐकाल तर तो तिचा विनोद करील.

माझं शिक्षण पुण्यात, सगळं इंग्रजीतून झालं. कॅनडातल्या नातवंडांना मी इंग्रजीत लिहीन असं तुम्हाला वाटलं असेल. पण ज्या कागदांची ही गोष्ट आहे ते मराठीत होते, आणि त्यातली माणसंही मराठीतच बोलली. अडेल तिथे आईला विचारा.

तर मी मेयर नव्हते. मी कोकणातल्या एका डोंगराळ तालुक्यात नायब तहसीलदार होते. जिल्ह्याला कलेक्टर असतो, त्याच्याखाली प्रांत, प्रांताखाली तहसीलदार, आणि तहसीलदाराच्या हाताखाली माझ्यासारखे नायब. आमच्याखाली चार-पाच गावांना मिळून एक तलाठी. आणि सगळ्यात शेवटी कोतवाल. तो गावातलाच माणूस असतो. दवंडी पिटायची, नोटीस पोचवायची, आलेल्या साहेबाला वाट दाखवायची, ही त्याची कामं. कलेक्टरला जिल्हा कागदावर दिसतो. कोतवालाला तो पायाखाली दिसतो. हे मला त्या वयात कुणी सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती आणि विसरून गेले असते.

इथे सिंगापूरला, वुडलँड्समध्ये, तुमच्या मामाच्या बाल्कनीतून समोरच्या ब्लॉकचा आकडा वाचता येतो. पुरुषभर उंचीचा आकडा भिंतीवर रंगवलेला आहे. ब्लॉक, मजला, दार एवढं सांगितलं की पोस्टमन डोळे मिटून येईल. मला हे फार आवडतं. आमच्या तालुक्यात पत्ता म्हणजे "देवळाच्या खालच्या अंगाला, विहिरीच्या अलीकडे". अशी दीडएकशे गावं होती, आणि प्रत्येक गावाच्या वाड्या डोंगरभर विखुरलेल्या. एकाच आडनावाची पंचवीस घरं आणि त्यांत एकाच नावाची चार माणसं. अशा ठिकाणी माणसं मोजायची म्हणजे आधी गावं मोजायला लागतात.

जनगणना जवळ आली की पहिलं काम असायचं गावांची यादी नीट करण्याचं. कुठलं गाव धरणात गेलं, कुठे नवी वस्ती झाली, कुठलं ओस पडलं, ते तपासायचं. ज्या गावात कुणीच राहत नाही, त्याच्यासमोर यादीत एक शब्द लिहायची पद्धत होती. बेचिराग. म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं गाव. ज्या गावासमोर हा शब्द आला तिथे शाळा मंजूर होत नाही, रेशनचं दुकान नाही, रस्ता नाही. नसलेल्या माणसांसाठी कोण रस्ता करील?

म्हणून हा शब्द लिहिण्याआधी कुणीतरी अधिकाऱ्याने स्वतः जाऊन पाहावं असा माझा आग्रह असे. दुसरे साहेब तलाठ्याच्या अहवालावर सही करत. मी जायचे. मला त्याचा अभिमान होता आणि अजून आहे.

डोंगराच्या वरच्या अंगाला एक छोटं गाव होतं. त्याला इथे मी 'वरची वाडी' म्हणते. तिथला तलाठी बहिणीच्या लग्नाला रजेवर गेला होता. वाडीत वस्ती आहे की नाही याबद्दल कागदांत घोळ होता, म्हणून मी स्वतःच निघाले. जीप खालच्या गावापर्यंत गेली. पुढे पाऊण तास चढ. थंडीचे दिवस असले तरी ऊन कडक होतं, म्हणून मी माझी निळी छत्री उघडली. बरोबर त्या भागातला कोतवाल होता. पन्नाशीचा, शांत, पुढे पुढे चालणारा. एका ओहोळाजवळ पोचल्यावर एका शेंदूर लावलेल्या दगडापाशी तो थांबला.

"बाईनू, मी फुडे येवचंय नाय."

"का? काय झालं?"

"थंय आता कोण नाय."

"तेच तर बघायचंय मला," मी म्हटलं. "तुम्ही दमला असाल तर बसा इथे."

तो बसला. मी छत्री घेऊन एकटी आत गेले. वाडीत खरंच कुणी नव्हतं. दारं बंद, कड्या लावलेल्या, काही दारांना सुंभाने बांधलेल्या काठ्या. गोठे रिकामे. कोंबडी नाही, कुत्रं नाही. चुलीचा वास नाही. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि दारं मोजली. एकेचाळीस. अंगणं स्वच्छ होती, तुळशी हिरव्या होत्या, एका विहिरीवरचा दोर अजून ओला होता. मी हे सगळं टिपून घेतलं. मला टिपून घ्यायची सवयच होती.

परतताना ओहोळाच्या पलीकडे झोपड्या दिसल्या. झावळ्यांच्या, घाईने उभ्या केलेल्या. धूर निघत होता, गुरं बांधलेली होती, पोरं धावत होती. काही माणसांनी माझ्याकडे बघून हात हलवला. मीही हलवला. कोतवाल म्हणाला, "चाय घेवन जावा, बाईनू. थंय व्हाळापलीकडे."

मला वाटलं, कुठल्याशा कामावरचे मजूर असतील. उतार उतरायचा होता, जीप थांबली होती. "नको," म्हटलं, "पुन्हा कधीतरी."

ऑफिसात आल्यावर यादीत वरच्या वाडीसमोर मी तो शब्द लिहिला आणि सही केली. अधिकारी स्वतः जाऊन आली आहे म्हटल्यावर तलाठ्याने रजेवरून आल्यावर काही विचारलं नाही. त्याच उन्हाळ्यात माझी बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली.

यानंतर पस्तीस वर्षांत ती वाडी माझ्या मनात एकदाही आली नाही. खोटं कशाला सांगू.

आता सिंगापूरला येऊ. इथली आमची मराठी मंडळी महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी ब्लॉकच्या खालच्या मोकळ्या जागेत जमतात. बहुतेक सगळे पुण्या-मुंबईचे, आयटीतले. बायका डबे आणतात, पुरुष घरभाडं आणि इथल्या नोकरीच्या परवान्याचे पास यांवर बोलतात, मुलं आपसांत इंग्रजीत भांडतात. दीड वर्षापूर्वी अशाच एका रविवारी एक नवी मुलगी आली. इथल्याच क्लेमेंटी भागात खोली घेऊन राहणारी, विद्यापीठात मातीवर संशोधन करणारी. पिठल्याला कोकम घालते म्हणून मी ओळखलं, कोकणातली. कुठली म्हणून विचारलं तर तिने माझ्याच त्या तालुक्याचं नाव सांगितलं.

"अगं, मी होते तिथे! गाव कुठलं?"

"आमचं गाव सांगून उपयोग नाही, काकू," ती हसत म्हणाली. "सरकारच्या लेखी ते नाहीच. यादीत बेचिराग आहे."

"आणि तू कुठून आलीस मग?"

"तेच बाबा विचारतात सगळ्यांना. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. गावपळण चालू होती आणि तहसीलमधून कुणी बाई आल्या. देवाची हद्द ओलांडून सरळ गावात शिरल्या, निळी छत्री घेऊन. गाव रिकामं बघितलं आणि लिहून टाकलं, इथे कोणी राहत नाही. आमच्याकडे अजून एखादा न विचारता घुसला ना, तर म्हणतात, आली छत्रीवाली."

सगळे हसले. माझ्या हातात पिठल्याची वाटी होती. ती मी खाली ठेवली.

गावपळण काय ते तुम्हाला सांगायला हवं. कोकणातल्या काही गावांत ग्रामदेवतेचा कौल झाला की अख्खं गाव काही दिवसांसाठी बाहेर पडतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. हद्दीबाहेर झोपड्या बांधून राहतात. त्या दिवसांत गाव देवाचं, तिथे कुणी पाऊल टाकत नाही, चूल पेटत नाही. मग पुन्हा कौल घेतात आणि परततात. मी तालुक्यात दोन वर्षं काढली, पण हा शब्द माझ्या कानावर आला नव्हता. कारण मी कधी विचारलं नव्हतं.

त्या रविवारी मी तिला काही सांगितलं नाही. आधी कागद बघायचा, मग बोलायचं, ही माझी पद्धत. इथल्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराशेजारी पोलादी दाराची एक खोली असते, युद्ध झालं तर लपायला. सगळे लोक तिथे तांदळाची पोती आणि जुन्या बॅगा ठेवतात. आमच्या त्या खोलीत माझ्या दोन ट्रंका आहेत. पुण्याचं घर बंद करताना मी त्या आणल्या तेव्हा तुमची मामी म्हणाली होती, "आई, यात सोनं आहे का?" त्यांत माझ्या दौऱ्यांच्या दैनंदिन्या आहेत. दर महिन्याला अधिकाऱ्याने कुठे गेलो, काय पाहिलं ते लिहून वर पाठवायचं असे. मी खाली कार्बन ठेवून एक प्रत स्वतःसाठी काढायचे. वर्षवार, दोरा घालून.

दहा मिनिटांत सापडलं. माझंच अक्षर, जांभळं झालेलं. 'घरे एकेचाळीस, सर्व बंद. अंगणे सारवलेली. तुळशींना पाणी घातलेले. विहिरीचा दोर ओला. ओहोळापलीकडे मजुरांच्या झोपड्या अंदाजे चाळीस, गुरे, लहान मुले. कोतवाल हद्दीच्या दगडाशी थांबला.' आणि त्याखाली, एक ओळ सोडून, 'सबब गाव बेचिराग.'

अलीकडे एकेचाळीस घरं आणि पलीकडे चाळीस झोपड्या. दोन्ही मी मोजल्या होत्या. दोन्ही एकाच पानावर लिहिल्या होत्या.

मी त्या मुलीला वुडलँड्सला जेवायला बोलावलं आणि पान तिच्यासमोर ठेवलं. तिने ते दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

"छत्रीवाल्या तुम्ही?"

"मी."

मला वाटलं, उठून जाईल. तिने झोपड्यांच्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "काकू, तुम्ही विचारलं का नाही हो? बाबा सांगतात, चहाला बोलावलं होतं. चहा घेतला असता तरी कळलं असतं."

मी ताट वाढायला घेतलं.

मग तिने पुढचं सांगितलं. जनगणनेला खालच्या गावचे गुरुजी वाडीत आले, तेव्हा सगळे घरीच होते. पण त्यांच्या यादीत वाडी ओस होती. भला माणूस, त्यांनी सगळ्यांची नावं खालच्या गावात घालून टाकली. माणसं मोजली गेली, गाव मोजायचं राहिलं. पुढची यादी मागच्या यादीवरून उतरवली जाते. त्यामुळे शब्द तिथेच बसला. आता डोंगरातल्या गावांना रस्ते मंजूर होत होते आणि वरच्या वाडीचा रस्ता दर वेळी एकाच वाक्याने परत येत होता: लोकवस्ती नाही. दोन वर्षांपूर्वी तिच्या आजीला दवाखान्यात न्यायला खुर्चीत बसवून चौघांनी पाऊण तासाची उतरण उतरवली होती. वडील बारा वर्षं अर्ज करत होते. ऑफिसातून सांगत, नोंद अधिकाऱ्याने प्रत्यक्ष पाहणी करून केली आहे, ती चुकीची असल्याचा पुरावा आणा.

"पाहणी करणारीच पुरावा देईल," मी म्हटलं.

तुमच्या मामाला हे पटलं नाही. "आई, इतक्या वर्षांनी कशाला उकरून काढतेस? तुझ्या नावावर चूक लागेल."

"लागायला काय, ती माझीच आहे. सही बघ."

तुमची मामेबहीण गृहपाठ करत बसली होती. ती न बघताच म्हणाली, "आजी, चॉप पाहिजे लाह. चॉप नसेल तर ऑफिसमध्ये कोणी वाचतच नाही." इथे शिक्क्याला चॉप म्हणतात, आणि 'लाह' हे इथल्या बोलीचं शेपूट. नऊ वर्षांची मुलगी, पण सरकारी कामकाजाची तिची समज माझ्या काही वरिष्ठांपेक्षा बरी आहे.

मी निवेदन लिहायला बसले. चार वेळा लिहिलं. पहिल्यात गावपळणीची प्रथा मला ज्ञात नव्हती असं सुरुवातीलाच होतं. ते काढलं. ज्ञात नव्हतं हे खरं, पण ते कारण म्हणून पुढे करणं मला बरं वाटेना. शेवटच्या खर्ड्यात सरळ लिहिलं: मी त्या दिवशी गावात गेले, गावकरी प्रथेप्रमाणे हद्दीबाहेर होते, मी त्यांना पाहिलं, चौकशी केली नाही, आणि चुकीची नोंद केली. सोबत त्या दिवसाच्या पानाची प्रत जोडली. नाव, हुद्दा, त्या वेळची नेमणूक.

शिक्क्यासाठी आपल्या वकिलातीत गेले. खिडकीतल्या तरुणाने हिंदीत विचारलं, "मॅडम, हे प्रॉपर्टीचं आहे का?"

"नाही. गावाचं."

"तुमचं गाव?"

"माझं नाही."

"मग तुमचा संबंध काय लिहू?"

"अधिकारी लिहा. चूक करणारी."

त्याने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि शिक्का जरा जोरातच मारला.

कागद मुलीने कुरियरने घरी पाठवला. पंधरा दिवसांनी, सकाळी मी चहा घेत असताना तिचा फोन आला. "काकू, बाबांना बोलायचंय," म्हणाली आणि फोन जोडून दिला. पलीकडे आधी खोकला, मग मोठा आवाज.

"बाईनू, तुमीच त्या छत्रीवाल्या?"

"हो. मीच."

"मी व्हाळापलीकडे होतंय तेव्हा. त्याच दिसा सकाळी आमी भायर पडलंव. वीस वर्षांचो. आमी हात केलो, तुमी पण परत हात केल्यात. आमका वाटला, बाईंका सगळा ठावक आसा!"

"कोतवालाने तरी सांगायचं होतं."

"तो काय सांगतलो? तो समजलो, तुमी गावपळण बघूकच इल्यात." मग हसून म्हणाले, "तुमच्यामुळे आमचो एक दिस वाढलो. हद्द मोडली म्हणान देवाक गाराणा घालूचा लागला."

मी क्षमा मागितली. एका दिवसाची आणि पस्तीस वर्षांची. पलीकडे त्यांनी कागद उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "कागद बरो लिवल्यात. सरळ. पण त्येच्यात एक चूक हा."

"कुठली?"

"घरां एकेचाळीस नाय. बेचाळीस. एक फणसाच्या पाठसून हा, तां वाटेवरसून दिसणा नाय."

"कुणाचं घर?"

"आमचां."

मी हसले, तेही हसले. पण फोन ठेवल्यावर मी दुरुस्तीचं पुरवणी निवेदन लिहिलं. घरे बेचाळीस. पुन्हा वकिलात, पुन्हा तीच खिडकी. तो तरुण म्हणाला, "मॅडम, गाव वाढलं का?" मी म्हटलं, "होतंच. मला आत्ता दिसलं."

प्रांत ऑफिसात सुनावणी झाली. तारखा तीनदा पुढे गेल्या, त्याचं मला नवल नाही. गेल्या महिन्यात आदेश निघाला. मुलीने व्हॉट्सॅपवर त्याचा फोटो पाठवला. वरच्या वाडीसमोरचा तो शब्द काढून त्याजागी 'वस्ती असलेले' असं लिहिलं आहे. आदेशात माझा उल्लेख 'तत्कालीन पाहणी अधिकारी' असा आहे. तो मी तीन वेळा वाचला. बरोबर आहे.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, आजीला फार वाईट वाटलं असेल. वाटलं, खुर्चीतून उतरवलेल्या त्या म्हातारीचं ऐकलं तेव्हा. बाकी मी नोकरी चांगली केली असं आजही म्हणते. त्या तालुक्यातल्या दीडशे गावांपैकी बहुतेक मी पायांनी पाहिली, आणि त्यांच्या नोंदी बरोबर आहेत. जी चुकली तिचं पानही मीच जपून ठेवलं होतं. तुम्ही पुढे जे काही व्हाल ते व्हा, पण कागद फाडू नका, आणि कुणी चहाला बोलावलं तर थांबा.

वरच्या वाडीत आता बेचाळीस घरांपैकी एकोणतीस उघडी आहेत. बाकीची माणसं मुंबईला आणि एक क्लेमेंटीला. रस्त्याची मोजणी झाली आहे, रस्ता अजून व्हायचा आहे. दैनंदिनीचं ते कार्बनचं पान मी त्या मुलीच्या वडिलांना पाठवून दिलं, ते त्यांनी काच लावून भिंतीवर टांगलं आहे. हद्दीचा दगड जागेवर आहे. गावपळण अजून होते.